पोथी संपल्यावरचा माईक

कॉलेजच्या वायरलेस लॅबमध्ये मी अठरा वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे, आणि अठरा वर्षांत रेडिओ कुठं असतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रेडिओ टेबलावर असतो. हिरव्या पत्र्याच्या पेटीत असतो, तिला बटणं असतात, मागून तारा निघतात आणि चालत नसला की बाजूनं एक थाप मारायची असते. मग अभ्यासक्रम बदलला. विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावून पेनड्राइव्हएवढी एक काळी वस्तू माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, आता हाच आपला रेडिओ. सुट्टीत जरा शिकून घ्या."

मी ती उलटसुलट करून बघितली. एका टोकाला अँटेनाची तार लावायची, दुसरं टोक लॅपटॉपमध्ये खोचायचं. एवढंच.

"आणि बाकीचा रेडिओ?" मी विचारलं.

"बाकीचा सॉफ्टवेअरमध्ये."

सर समजावून सांगायला लागले. ही वस्तू फक्त हवेतल्या लहरींचे आकडे करते, पुढचं सगळं काम लॅपटॉप करतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, हवा तसा बदलावा. वस्तू इतकी स्वस्त की पोरांच्या हातून तुटली तरी दुःख नाही. मी मान हलवत होते. मान हलवण्यात मी पटाईत आहे. घरी येऊन मी तो कोड उघडून बघितला आणि लगेच बंद केला.

आम्ही चिकलठाण्यात राहतो, विमानतळाच्या अलीकडं जी नवी घरं झाली तिथं, तिसऱ्या मजल्यावर. नवरा जालन्याच्या एका कारखान्यात जातो. मूलबाळ नाही. आई गेल्यावर मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, कन्नड तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडं आणलं. आणलं म्हणते, पण त्यासाठी मला दोन वर्षं भांडावं लागलं. मला भाऊ नाही. असता तर अण्णा त्याच्याकडं बिनबोभाट गेले असते. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या मते पाहुणाच, फक्त लांबलेला. पहिले सहा महिने ते ताटात वाढलेलंच खायचे, मागून कधी काही घेतलं नाही. आमटीत मीठ कमी असलं तरी "लई चांगली झाली" म्हणायचे. मला याचा एवढा राग यायचा की एकदा मी मुद्दाम मीठ घातलंच नाही. तरीही लई चांगलीच झाली होती.

त्यांना खरं घर मिळालं ते इमारतीच्या मागच्या मंदिरात. गावाकडं चाळीस वर्षं त्यांनी चातुर्मासात पोथी वाचलेली. इथल्या मंदिरात वाचणारं कुणी नव्हतं. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका मंदिराची सगळी व्यवस्था बघायचे, त्यांनी अण्णांना पाटावर बसवलं, सदऱ्याला कॉलर माईक लावला आणि त्या दिवसापासून आमच्या वसाहतीत अण्णा 'पोथीवाले' झाले. संध्याकाळी साडेसहाला सुरू, साडेसातला आरती. भाजीवालीसुद्धा मला "पोथीवाल्यांची पोरगी" म्हणायला लागली. अण्णा तेव्हापासून भात मागून घ्यायला लागले.

तर सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, चातुर्मास लागला, आणि मी अजून तो पेनड्राइव्हचा रेडिओ शिकतच होते. त्यात झालं असं की बटण फिरवायची माझी सवय हातातून जाईना. इथं बटणं म्हणजे पडद्यावरची चित्रं. रेडिओ बनवायचा तर पडद्यावर चौकोनी ठोकळे मांडायचे आणि रेघांनी एकमेकांना जोडायचे: हा ठोकळा गाळणीचा, हा आवाज मोकळा करण्याचा, हा स्पीकरचा. एक रेघ चुकली की सगळं लाल. का लाल, ते सांगणारी ओळ इंग्रजीत आणि माझ्या डोक्यावरून. खाली एक निळा पडदा सतत वरून खाली सरकत राहायचा, हवेत जे जे काही आहे ते त्यावर उजळ पट्ट्यांसारखं दिसायचं. ही जाड पट्टी एफएम स्टेशनची, एवढं मला कळलं. बाकीच्या पट्ट्या कुणाच्या, काही पत्ता नाही. रिमोट, गाड्यांच्या चाव्या, कुणाची डोअरबेल, कुणाचं काय. इतकी वर्षं मला वाटायचं, संध्याकाळी आमच्या घरात शांतता असते.

लॅबच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं एक कागद लिहून लावला होता. कॉलेज विमानतळाच्या जवळ असल्यामुळं पोरं वैमानिकांचं बोलणं ऐकायला टपलेली असतात, म्हणून सरांनी सांगून लिहून घेतलेला: 'जे आपल्यासाठी नाही ते ऐकू नका. चुकून ऐकलंत तर विसरा. नोंदवू नका, कुणाला सांगू नका.' अक्षर माझं चांगलं आहे. दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मी तो मोठ्यानं वाचून दाखवते.

एका संध्याकाळी त्या निळ्या पडद्यावर, जिथं काहीही असायचं कारण नव्हतं तिथं, एक पट्टी उगवली. तासाभरानं गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं माझ्याच घरातला दोष. मी फ्रीज बंद केला. पट्टी तिथंच. मिक्सरचा प्लग काढला, राउटर बंद केला, नवऱ्याचा चार्जर उपटला. खालच्या मजल्यावर जाऊन विचारून आले की तुमच्याकडं काही नवीन मशीन आणलंय का. त्यांना वाटलं मी भांडायला आले. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला की पट्टीकडं नुसतं बघत काय बसलीय, ऐकून तरी बघ. एफएमचा ठोकळा तिथं नेऊन जोडला, आणि लॅपटॉपमधून अण्णांचा आवाज आला.

पोथी. कॉलर माईक बिनतारी असतो, तोही एक छोटा रेडिओच, हे मी पोरांना शिकवते. मंदिर आमच्या खिडकीपासून सत्तर पावलांवर. हे तीन दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी एकटीच हसत सुटले. खिडकीतून भोंग्यातून अण्णा आणि टेबलावर लॅपटॉपमधून अण्णा, मधे पापणी लवण्याइतकं अंतर. त्या क्षणी मला तो काळा तुकडा पहिल्यांदा आवडला. जेवताना अण्णांना हे ऐकवायचं, ते केवढे चकित होतील, असं मी ठरवूनही टाकलं.

आरती झाली. खिडकीतला भोंगा खट्कन बंद झाला. लॅपटॉप मात्र बोलतच राहिला.

यातली गोम सांगायला हवी. भोंग्याचा ॲम्प्लिफायर काका बंद करायचे, म्हणजे मंदिरात कुणाला काही ऐकू यायचं नाही. पण सदऱ्याच्या आत कमरेला लावलेल्या माईकच्या डबीला तिचं स्वतःचं बटण असतं. ते अण्णांना ठाऊक नव्हतं, आणि काका घरी जाताना शेवटी ती डबी काढून घ्यायचे. तोवर ती चालूच.

आधी काकांचा आवाज आला. "बुवा, आज दोन पानं मागं राहिलात. मी गुडघा दाबला तुमचा, ध्यानच नव्हतं."

"पान कोणतं का असंना," अण्णा म्हणाले. "पानावर मला काय दिसायलंय? मधी काळा डाग, अन् कडंच्या वळी सापावानी वाकड्या. तोंडपाठ हाय म्हणून चाललंय."

"हे कधीपासनं?"

"झाले चार-पाच दिस. डावा तर कवाच गेला, मक्याचं पान लागलं तवा. आता ह्यो उजवा."

"मोतीबिंदू असंल. पिकू द्या चांगला. दिवाळीनंतर आमच्याकडं शिबिर लागतं, गाडीवर बसवून गुपचूप नेऊन आणतो तुम्हाला."

"पण लेकीला कळू देऊ नका. लेकीच्या घरी ऱ्हातो, त्यात आंधळा झालो म्हणल्यावर जावयाला काय तोंड दावू? अन् पोथी बी काढून घेतील ही लोकं. मंग मी हितं कोण?"

त्यावर काका काय म्हणाले मला आठवत नाही. मी लॅपटॉपची घडी घातली. आतला पंखा थोडा वेळ फिरत राहिला.

अण्णा जिन्यानं वर आले ते नेहमीसारखे, कठड्याला हात न लावता. चपला जागेवर काढल्या. "आज काय केलंय?" म्हणाले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. या माणसाला दिसत नाही? पाण्याचा तांब्या त्यांनी बरोबर उचलला. ताटातली चटणी बरोबर बोटानं घेतली. मला वाटायला लागलं की मी ऐकलं ते चुकीचं ऐकलं, किंवा ते काकांची गंमत करत होते. दोन दिवस मी असंच स्वतःला समजावत काढले.

मग मी परीक्षा घ्यायला लागले. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पेपर पुढं केला: "अण्णा, बघा बरं पावसाचं काय लिहिलंय." ते म्हणाले, "चष्मा आत ऱ्हायला." चष्मा त्यांच्या खिशात होता. विजेचं बिल दिलं, तर "मला इंग्रजी येत नाय माय." बिल मराठीत होतं. सरळच विचारलं, "डोळे बरे आहेत ना?" तर "एकदम टकाटक." म्हटलं, चला, चष्म्याचा नंबर तपासून येऊ. "पोथी संपू दे. मधी खंड नको."

यापुढं काय बोलायचं? मला माहीत आहे असं म्हणावं तर ते विचारणार, कुणी सांगितलं. काकांचं नाव घ्यावं, तर खोटं बोलून दोघांची मैत्री तोडायची. खरं सांगायचं तर, अण्णा, मी तुमचं मित्राजवळचं बोलणं यंत्रानं ऐकलं. लेकीच्या घरी आमटीत मीठसुद्धा न मागणारा माणूस, त्याची एकुलती एक खासगी जागा म्हणजे आरतीनंतरची मंदिराची पायरी, आणि तिथंही लेकीचा कान. ते बॅग भरून गावी गेले असते. तिथं त्यांना भाकरी कोण देणार? आणि भिंतीवरचा तो कागद माझ्याच हस्ताक्षरात होता. चुकून ऐकलंत तर विसरा. या नियमाचा मला फार आधार वाटायला लागला.

नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "मग सांगून टाक ना, की ऐकलं."

"इतकं सोपं आहे का ते?"

"अवघड काय आहे?"

मी त्याच्यावर भडकले. तुला माझे वडील कळत नाहीत, तुला काही कळत नाही, वगैरे. बिचाऱ्यानं नंतर विषय काढला नाही, आणि मीही नाही.

आणि विसरा म्हणणारी मी, रोज संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप उघडत होते. कॉलेजच्या कामाचं निमित्त होतंच. आता ठोकळे मला येत होते. आवाज कसा स्वच्छ करायचा, खरखर कशी गाळायची, सगळं मी अण्णांच्या आवाजावर शिकले. आरतीनंतर ते दोघं पायरीवर बसून पेरणीचं बोलायचे, एसटीच्या जुन्या रस्त्यांचं बोलायचे, मधूनच डोळ्याचं. "डाग वाढलाय." "पिकायला लागला म्हणायचा." "आज तुमचं तोंड बी नाय दिसलं मला, नुसते कान दिसले." दोघं हसले. मीही इकडं हसले, आणि मग पदरानं डोळे पुसले.

एकदा मी स्वतः मंदिरात जाऊन बायकांच्या मागं बसले. अण्णा मांडीवर पोथी घेऊन बसलेले, मान किंचित तिरकी, आवाज खणखणीत. शेजारी काका. पान संपलं की काकांचा हात सहज गेल्यासारखा अण्णांच्या गुडघ्यावर टेकायचा आणि अण्णा बोटाला थुंकी लावून पान उलटायचे. किती सफाईनं चाललं होतं! समोर चाळीसेक माणसं, कुणाच्या मनात शंका नाही. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, "तुमच्या वडलांची नजर बघा या वयात." मी मान हलवली.

मोतीबिंदूच असणार, असं मीही धरून चालले होते. आमच्या गावाकडं सगळ्यांना मोतीबिंदूच होतो. तो पिकावा लागतो, मगच काढतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलेले. म्हणजे घाई नाही. पोथी संपू दे, दिवाळी येऊ दे, काका शिबिराला नेतील, अण्णांचा मान राहील, माझं ऐकणं झाकलेलं राहील. सगळ्यांचंच भलं. ओळी वाकड्या दिसतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते स्वच्छ ऐकलं होतं. पण त्या वाक्याचा काही वेगळा अर्थ असेल, हे मला सुचलं नाही. वायरलेस लॅबमध्ये अठरा वर्षं काढून मला एवढंही सुचलं नाही.

श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले. एका संध्याकाळी काका कुणाच्या तरी श्राद्धासाठी गावाला गेले होते. मी लॅपटॉप उघडून बसलेच होते. पोथी नीट पार पडली. गुडघ्यावर हात नव्हता, तर पानं उलटल्याचा आवाजच आला नाही, पण शब्द एकही अडला नाही. मला हायसं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पोथीवाले, आरतीच्या आधी एवढी चिठ्ठी वाचा. उद्याच्या पाण्याची सूचना आहे."

आमच्याकडं नळाचं पाणी रोज येत नाही, त्यामुळं पाण्याच्या सूचनेला देवाच्या खालोखाल मान आहे. सगळे गप्प झाले असणार. लॅपटॉपमध्येही आवाज नाही, खिडकीतही नाही. मला आधी वाटलं माझी काहीतरी रेघ तुटली. पडद्याकडं बघितलं, तर पट्टी जागेवर उभी होती. माईक चालू होता. कान दिला, तर अण्णांचा श्वास ऐकू येत होता, आणि कागद उलटसुलट केल्याची कुरकुर.

"वाचा ना," तोच आवाज म्हणाला.

"मला," अण्णा म्हणाले. भोंग्यातून आणि लॅपटॉपमधून. "मला दिसत नाय. दुसऱ्या कोणी वाचा."

मी होते तशी धावले. जिना उतरून, इमारतीला वळसा घालून मंदिरात पोचेपर्यंत एका बाईनं सूचना वाचून टाकली होती आणि माणसं अण्णांभोवती उभी होती. कुणी पाणी देत होतं. अण्णा पाटावर तसेच बसलेले, पोथी मांडीवर, चिठ्ठीचा हात अजून पुढंच. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला, कडेनं मला पकडायला बघत.

"कोण?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. अण्णा शांत होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, रिक्षात त्यांनी माझा दंड धरला होता. बाईंनी डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, मशीनवर फोटो काढले. मग चौकटी-चौकटींचा एक कागद अण्णांच्या हातात दिला आणि विचारलं, "बाबा, रेघा कशा दिसतात?"

"वाकड्या. अन् मधी कायच नाय."

बाई माझ्याकडं वळल्या. हा मोतीबिंदू नव्हे, म्हणाल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मधोमध पाणी आणि रक्त साचत गेलंय, आता तिथं व्रण झालाय. "रेघा वाकड्या दिसायला लागल्या की त्याच आठवड्यात यायचं असतं. यात पिकायची वाट बघायची नसते. इंजेक्शनं देऊ, कडेचं जे आहे ते राखायचा प्रयत्न करू. पण मधलं परत येणार नाही. वाचणं आता होणार नाही." मग त्यांनी पेन उचलला. "किती दिवस झाले याला?"

"असतील आठ-दहा दिस," अण्णा म्हणाले.

बाई लिहायला लागल्या. मला ते बघवेना. चुकीच्या दिवसांवर चुकीचं औषध दिलं तर?

"सात आठवडे," मी म्हणाले. "वर चार-पाच दिवस."

बाईंचा पेन थांबला. अण्णांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. बाईंच्या आवाजात धार आली: "मग घरात माहीत होतं? आणि तुम्ही आत्ता येताय?"

"हिला काय ठाऊक," अण्णा घाईनं मधे बोलले. "म्या कळूच दिलं नाय. हिचा काय बी दोष नाय. ही उगंच बोलायलीय, घाबरलीय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मी सांगितलेला आकडा लिहिला.

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी झालं. डोळ्यावर पट्टी बांधून आम्ही रिक्षात बसलो. औरंगपुऱ्यातल्या दुपारच्या गर्दीतून रिक्षा इंचाइंचानं निघत होती. अण्णा सगळ्या आवाजांकडं मान वळवत होते. बाहेर पडून जरा मोकळा रस्ता लागल्यावर त्यांनी विचारलं, "सात आठवडे, वर चार-पाच दिस. इतकं नेमकं तुला कसं ठाऊक?"

मी सांगितलं. आधी त्या काळ्या तुकड्याचं सांगितलं, ठोकळ्यांचं, निळ्या पडद्याचं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण शेवटाकडं यायला मला तेवढीच वाट सापडली. मग माईकच्या डबीचं, तिच्या वेगळ्या बटणाचं. पहिल्या दिवसाचं बोलणं, मक्याचं पान, शिबिर, जावयाला काय तोंड दावू. रोज ऐकत होते हेही सांगितलं. मी बोलायची थांबले तेव्हा जालना रोड आला होता आणि सिग्नलला रिक्षा उभी होती.

"म्हंजी पहिल्याच दिशी ऐकलंस तू," ते म्हणाले.

"हो."

"मंग बोलली का नाय?"

मला रडू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली. "तुम्हाला राग आला असता, अण्णा," मी म्हणाले. "चोरून ऐकलं म्हणून. मला वाटलं तुम्ही घर सोडून जाल."

सिग्नल सुटला. अण्णांनी मांडीवरचा हात चाचपत माझ्या हातावर आणून ठेवला. बराच वेळ ते विचार करत होते; खोटं बोलायचं नसलं की ते असेच वेळ घेतात.

"राग आला असता," ते म्हणाले. "लई आला असता. दोन दिस जेवलो नसतो तुझ्या घरी."

पुढं एक ट्रक चालला होता, त्याच्या आवाजात त्यांना थांबावं लागलं. ट्रक वळून गेल्यावर ते म्हणाले, "तिसऱ्या दिशी जेवलो असतो ना, माय."